टीटीचा काठ: बंपरच्या काळ्या पट्ट्या गाडीच्या रंगात

१ डिसेंबर, रविवार

गाडी: ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीची कूपे, २०१२ची, २.० टीएफएसआय. मी तिचा तिसरा मालक. रंग डेटोना ग्रे.

काम: पुढच्या बंपरखालचा ओठ, त्याचे दोन कोपरे आणि मागच्या बंपरखालची डिफ्यूझरची पट्टी. चारही नग काळ्या प्लास्टिकचे. ते गाडीच्या रंगात आणायचे आणि मग तो रंग टिकवायचा.

निमित्त असं, की काळं प्लास्टिक आता काळं राहिलेलंच नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, त्यात ते राखाडी पडलं. आधीच्या मालकानं त्यावर डॅशबोर्ड पॉलिश चोपडून चोपडून वेळ मारून नेली. पंधरा दिवस चमकतं, एक पाऊस झाला की पांढरे ओघळ. मीही दोन वर्षं तेच केलं.

बायकोचं म्हणणं: "साडीला काठ वेगळा असतो म्हणून साडी उठून दिसते. तुम्ही काठच पुसायला निघालाव." मुद्दा बिनतोड आहे, पण तोवर पट्ट्या उतरवून झाल्या होत्या. टी-२५चे टॉर्क्स स्क्रू आणि खालून प्लास्टिकच्या क्लिपा. क्लिपा उन्हानं ठिसूळ झालेल्या, तीन हातातच मोडल्या. स्क्रू शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत, कुठला कुठं त्याची चिठ्ठी बरणीच्या आत.

माझा धंदा सुताच्या डाईंगचा. टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांना रंगवलेलं सूत देतो, पंचवीस वर्षं शेड जुळवतोय. त्यामुळं बाकीचं काम चाचांचं (डेंटिंग-पेंटिंगवाले, तीस वर्षांचा हात), शेडचं मी बघतो, असं ठरलं. शेड जुळवणं या कामातला सोपा भाग, असं मी आज म्हणालो होतो. इथं लिहून ठेवतो.

४ डिसेंबर, बुधवार

प्लास्टिक कुठलं, हे आधी ठरवायला हवं. रंग धरणार की सालपटासारखा निघणार, ते त्यावरच.

चाचांनी मागची पट्टी टिचकी मारून बघितली आणि म्हणाले, एबीएस. मी म्हटलं, खात्री करू. पट्टीच्या मागच्या बाजूला मोल्डिंगचा एक फालतू कंगोरा होता, तो नखाएवढा कापून बादलीत टाकला. पॉलीप्रॉपिलिन, म्हणजे पीपी, पाण्याहून हलकं असतं, तरंगतं. एबीएस बुडतं. तुकडा जरा वेळ वर थांबला आणि निवांत तळाला गेला. चाचा हसले. "बघा मालक, बोललो होतो."

मग पट्टीच्या आतली बाजू ब्रशनं घासली, तर धुळीखालून शिक्का निघाला: पीपी+ईपीडीएम-टी२०. म्हणजे पीपीच, त्यात लवचीकपणासाठी रबर आणि ताठपणासाठी वीस टक्के टाल्क, आपल्या पावडरमधलं ते शंखजिरं. त्या टाल्कचं वजन तुकड्याला बुडवून गेलं. बादलीवर विसंबलो असतो तर एबीएस समजून थेट प्रायमर मारला असता आणि पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटले असते. बादलीची परीक्षा वाईट नाही, पण आधी शिक्का शोधायचा.

पुढचा ओठ कंपनीचा नाही, आधीच्या मालकानं बाहेरून बसवलेला. त्याच्यावर एबीएसचा शिक्का आहे, कोपऱ्यांवरही तोच. म्हणजे एकाच गाडीत दोन प्लास्टिकं, दोन तऱ्हा. एबीएसवर प्रायमर सहज बसतो, फक्त त्याला कडक थिनर लावायचा नाही, बारीक तडे जातात. पीपीचा पृष्ठभाग मेणचट असतो, त्याला काही चिकटतच नाही. त्याच्यासाठी मधे ॲडहीजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा थर, लागतो.

८ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस नुसता धुण्यात. वाचायला कंटाळवाणं आहे, पण अर्धा रंग इथंच टिकतो.

डॅशबोर्ड पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. ते प्लास्टिकच्या खरखरीत दाण्यात मुरून बसतं आणि रंग मारला की तिथून रंग मागं सरकतो. गोल गोल खळगे पडतात, पेंटर त्यांना फिशआय म्हणतात. दोन वर्षं मी स्वतः चोपडलेलं सिलिकॉन आज स्वतःच काढत होतो, तक्रार कुणाकडं करणार.

क्रम असा: गरम पाणी आणि भांड्याचा साबण, लाल स्कॉचब्राइटनं घासणं. मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, एका फडक्यानं लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपायचं. एकच फडकं फिरवलं तर तेल इकडून तिकडं जातं, निघत नाही. मग पुन्हा साबण. मागच्या पट्टीला हे चार वेळा केलं.

झालं की नाही, हे पाणी सांगतं. स्वच्छ पट्टीवर पाण्याची अखंड चादर उभी राहते, तेलकट असेल तर पाणी फाटून थेंब होतात. तिसऱ्या धुण्यापर्यंत माझ्या पट्टीवर थेंबच थेंब. चौथ्याला चादर धरली. (सोलापुरात बसून चादर हा शब्द दुसऱ्या कुठल्या अर्थानं लिहिताना जरा चुकल्यासारखं वाटतं.)

पाणी डाईंगच्या सॉफ्टनरचं वापरलं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की त्यात सूत रंगवलं तर डाग पडतात, म्हणून सॉफ्टनर बसवलेलाच आहे. आणि नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते प्यायचं सोडून पट्ट्या धुवायला घेतलं असतं तर घरात वेगळा अध्याय झाला असता.

११ डिसेंबर, बुधवार

घासकाम. मागच्या पट्टीवर कंपनीचा चामड्यासारखा दाणा आहे. दाणा ठेवून वर रंग मारता येतो, पण मग शेजारच्या गुळगुळीत बंपरपुढं तोच रंग मळका दिसतो, कारण प्रत्येक दाण्याला स्वतःची सावली असते. टॉवेलमध्ये नेहमी बघतो: एकाच लॉटचं सूत लूपमध्ये गडद दिसतं, सपाट पट्ट्यात फिकं. म्हणून दाणा काढायचा.

१८० नंबरचा पेपर, मग २४०, मग ३२०. पीपी घासताना लव येते, बारीक केसांसारखी, आणि जोरात घासलं की प्लास्टिक तापून ती लव आणखी ताणली जाते. हलक्या हातानं, ओल्या पेपरनं, थांबत थांबत. उरलेली लव चाचांनी ब्लेड आडवं धरून खरवडली, तेवढ्या वेळात मी दुसरीकडं बघत होतो.

एबीएसचा ओठ वीस मिनिटांत झाला.

१५ डिसेंबर, रविवार

मागच्या पट्टीला प्रमोटर. पाण्यासारखा पातळ. त्यात क्लोरीन जोडलेलं पॉलिओलेफिन असतं. त्याचं एक अंग पीपीशी जमतं, दुसरं रंगाशी. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ म्हणा. एकच पातळ हात, जाड मारला तर तोच थर सुटतो. वर पेपर फिरवायचा नाही आणि डब्यावर दिलेल्या वेळेच्या आत प्रायमर पडलाच पाहिजे.

प्रायमर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा), राखाडी, त्यात लवचीकपणाचं ॲडिटिव्ह. बंपरखालचं प्लास्टिक वाकतं. वर ताठ रंग असेल तर पहिल्या धक्क्याला तडकतो. तीन हात, प्रत्येक हातानंतर थराची ओली चमक जाईपर्यंत थांबलो.

मास्कबद्दल. चाचा तीस वर्षं तोंडाला रुमाल बांधून गन मारतात. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं दमा लागतो, आणि एकदा अंगानं ते धरलं की पुढं थोड्याशा वासानंही छाती भरते. रुमाल यात काहीच अडवत नाही. मी दोन काडतुसांचे मास्क आणले आणि सांगितलं, हे घातल्याशिवाय गन चालू होणार नाही. चाचा म्हणाले, "यात दम घुटतो मालक." मी म्हटलं, मास्कमध्ये घुटतो तो मास्क उतरवला की सुटतो. चांगल्या बूथमध्ये तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरतात, आमच्याकडं ती सोय नाही. दारं उघडी, पंखा बाहेरच्या तोंडाला, एवढं केलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

शेड. माझा दिवस.

डिकीतली गादी उचलली की स्पेअर टायरच्या खळग्यात एक स्टिकर असतो, त्यावर रंगाचा कोड: एलझेड७एस. पेंटच्या दुकानात तो दिला की कॉम्प्युटरवर फॉर्म्युला येतो आणि मुलगा वजनकाट्यावर ग्रॅमच्या दशांशात टिंटर ओततो. पण एका कोडची एकच शेड नसते. कारखान्यातून निघतानाच लॉटमध्ये फरक असतात, म्हणून त्याच कोडखाली आणखी प्रकार दिलेले असतात: जरा निळसर, जरा पिवळसर, जरा भरड. वर माझ्या गाडीनं बारा उन्हाळे काढलेत.

जुळवायचं कशाशी, हाही प्रश्न. बहुतेक गाड्यांत पेट्रोलचं झाकण काढून दुकानात नेतात. टीटीचं झाकण ते प्रसिद्ध गोल, स्क्रूवालं, ॲल्युमिनियमच्या रंगाचं. त्यावर गाडीचा रंगच नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, मग दार बघू. मी नको म्हटलं. या गाडीचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे, दारं पोलादी (चुंबक घेऊन फिरा, खात्री होते), बंपर प्लास्टिकचा. नीट बघितलं तर बंपर फेंडरपेक्षा केसभर वेगळा दिसतोच. पट्टी बसणार बंपरला लागून, म्हणून शेडही बंपरचीच. दाराशी तंतोतंत आणि बंपरशी वेगळी असली शेड काय कामाची.

आमच्या डाईंगचा स्पेक्ट्रो (रंग मोजायचं यंत्र) हौसेनं बंपरवर टेकवून बघितला. आकडे आले ते निव्वळ थट्टा. आमचं यंत्र सुतासाठी, सगळीकडून उजेड टाकून एक सरासरी काढतं. मेटॅलिक रंगात चमकीचे कण आरशासारखे काम करतात, त्याला एका कोनाचा आकडा पुरत नाही. रंगवाल्यांचं यंत्र १५, २५, ४५, ७५ आणि ११० अंशांवरून वेगवेगळं वाचतं. दुकानात तसं होतं. त्यानं सुचवलेला प्रकार आणि मूळ फॉर्म्युला, दोन्ही शंभर-शंभर मिली करून घेतले.

मग कार्डं. आम्ही लॅब डिप (आधी नमुन्यापुरतं रंगवून बघणं) करतो तसंच: पत्र्याच्या कार्डावर प्रायमर, तीन हात बेस, म्हणजे खरा रंग, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. क्लिअर न मारता कार्ड बघू नये, बेस उघडा असताना फिका दिसतो आणि माणूस उगीच काळा घालत बसतो. कार्डं भिंतीला टांगून मारली, वाळल्यावर बंपरला टेकवून बघितली. सकाळच्या उन्हात, सावलीत, आमच्या लाइट बॉक्समध्ये दिवसाच्या उजेडाखाली आणि दुकानी ट्यूबखाली. दुसरं कार्ड चारही ठिकाणी बंपरमध्ये विरघळलं. कडा शोधायला बोट फिरवावं लागलं.

पाचशे मिली करून आणला. रात्री जेवताना मी जरा जास्त बोललो, असं घरातल्यांचं मत.

२२ डिसेंबर, रविवार

रंगवला. प्रायमर आदल्या दिवशी ६०० आणि ८०० नंबरच्या ओल्या पेपरनं घासून ठेवला होता. शेजारचे माग आज बंद होते आणि तेच बघून वार धरला, कारण माग चालू असले की हवेत कापसाचे तंतू असतात. जमिनीवर पाणी मारलं. पट्ट्या डाईंगच्या लांब टेबलावर पसरल्या.

गन १.३ मिमी नोझलची, दाब दोन बार, अंतर एक वीत, प्रत्येक फटका आधीच्या निम्म्यावर. बेसचे तीन हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. क्लिअर दोनास एक हार्डनर, दोन हात.

संध्याकाळी आरशासारखं दिसत होतं. आमच्या एका कामगारानं सुचवलं, टॉवेलच्या ड्रायरमध्ये टाकू, लवकर वाळतील. ड्रायर शंभरच्या वर चालतो, प्लास्टिकचा जिलेबीसारखा आकार झाला असता. बूथमध्ये भाजतात तेही साधारण ६० अंशांवर, अर्धा तास, आणि प्लास्टिकला खालून आधार देऊन. आपल्याकडं डिसेंबरची कोरडी हवा आहे, तीच पुरे.

२४ डिसेंबर, मंगळवार

नुसतं टेकवून बघायला चाचांनी मागची पट्टी गाडीला धरली. मी दहा पावलं मागं गेलो.

शेड जुळत नाही.

समोरून पट्टी बंपरपेक्षा गडद. बाजूला सरकून तिरकं बघितलं की उलटं, पट्टी पांढुरकी आणि बंपर गडद. डबा तोच, कार्ड तेच. कार्ड मधे धरलं तर कार्ड बंपरशी जुळतं, पट्टीशी नाही. सुतात असं झालं असतं तर मी डाय तोलणाऱ्याला धारेवर धरलं असतं. इथं तोलण्यात चूक नव्हतीच.

चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कार्ड उभं मारलं, पट्टी झोपवून मारली."

एवढंच होतं. बंपर गाडीवर उभा असतो. टेबलावर आडव्या पट्टीवर रंग ओघळायची भीती नसते, त्यामुळं हात आपोआप भरून पडतो, बेस जास्त वेळ ओला राहतो आणि चमकीचे कण त्यात बुडून वेडेवाकडे स्थिरावतात. समोरून उजेड परत फेकायला कमी कण उरतात म्हणून गडद, तिरकं बघितलं की भलतेच कण चमकतात म्हणून पांढुरकं. कोरडा हात पडला तर बरोबर याच्या उलट, समोरून फिका. सुतात रंग आत शिरतो, सूत उभं होतं की आडवं त्याला विचारत नाही. इथं रेसिपी डब्यात निम्मी असते, उरलेली निम्मी मनगटात.

चाचांना हे आधीपासून माहीत होतं का, असं विचारलं. "माहीत आहे की. पण शेड तुम्ही बघतो म्हणालाव."

२५ डिसेंबर, बुधवार

क्लिअरची चमक ८०० नंबरच्या ओल्या पेपरनं घालवली. पूर्ण काढायची गरज नाही, खालचं सगळं धरलेलं आहे. खात्रीसाठी पट्टीच्या आतल्या बाजूला, जिथं मुद्दाम रंग मारून ठेवला होता, तिथं ब्लेडनं चौकटी पाडून टेप चिकटवून झटक्यात ओढली. एकही चौकट निघाली नाही.

दुपारी सांगाडा केला. हँक डाईंगमध्ये सुताच्या लडी ज्यांवर टांगतो त्या दांड्या गोदामात पडून होत्या. त्या आडव्या बांधून, गाडीवर ज्या उंचीला आणि ज्या कलानं पट्ट्या बसतात तशाच टांगल्या. ओठ पुढं झुकलेला, मागची पट्टी खाली वळलेली. शेजारी, त्याच कलात, एक नवं कार्ड.

२९ डिसेंबर, रविवार

पुन्हा. या वेळी बेसचे दोन हात मध्यम आणि मग शेवटचा ड्रॉप कोट: दाब कमी, गन दीड विती लांब, धुक्यासारखा हलका पसरायचा, म्हणजे कण सगळीकडं सारखे बसतात. वळणाच्या टोकांना चाचा गनबरोबर स्वतःही वळत होते, गन कायम पृष्ठभागाशी काटकोनात. आठ दिवसांपूर्वी मनगटानंच टोक घेतलं होतं, आज अख्खा माणूस फिरत होता. मास्क न सांगता घातला.

क्लिअर मारायच्या आधी थांबून, शेजारचं कार्ड हाती घेऊन, कण सारखे बसलेत का ते वेगवेगळ्या कोनांतून बघितलं. मग क्लिअर.

बाहेर कुठंतरी हलगी वाजत होती. गड्डा (सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा) जवळ आला, नंदीध्वजांचा सराव चालू आहे.

५ जानेवारी, रविवार

आठवडा झाला. क्लिअरमध्ये पाच ठिकाणी कण बसलेत, त्यातले तीन कापसाचे तंतू. भिंग लावून बघितले: एक निळा, दोन पांढरे. आमचाच माल. माग बंद ठेवून उपयोग काय, तंतू माझ्या शर्टावर होते. पुढच्या वेळी सुती शर्ट घालून गनजवळ जायचं नाही.

२००० नंबरनं फक्त त्या टिंबांवर, मग ३०००, मग कंपाउंड आणि फोमचं पॅड. प्लास्टिकवर मशीन एका जागी थांबवायची नाही, उष्णता बाहेर जायला वाट नसते. कडेला क्लिअर सगळ्यात पातळ, तिथं टेप लावून ठेवली.

पट्ट्या बसवल्या. नवीन क्लिपा, स्क्रू बरणीतून. चिठ्ठी वाचता आली नाही, चटणीचं तेल लागलं होतं.

शेड जुळली. उन्हात, सावलीत, आणि रात्री सात रस्त्याच्या एलईडीखालीसुद्धा. चाचांनी फोटो काढून घेतला, घरच्यांना दाखवायला म्हणाले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही. शहरात गाडी बाहेर काढण्यासारखी गर्दीही नाही, म्हणजे गर्दी इतकी की गाडी काढण्यात अर्थ नाही. तिळगूळ घेऊन चाचांकडं जाऊन आलो.

मधल्या काळात रंगाला श्वास घेऊ देतोय. ताज्या टू-केमधलं सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडत राहतं, विशेषतः भट्टीत न भाजलेल्या. त्यावर लगेच खड्यांपासून वाचवणारी पारदर्शक फिल्म लावली तर आत कोंडून बुडबुडे येतात, आणि फिल्म काढायची वेळ आली तर कोवळा रंग सोबत घेऊन निघते. चार आठवडे थांबणार. तोवर पॉलिश नाही, वॅक्स नाही, नुसतं पाणी. पुण्याच्या रस्त्यालाही जाणार नाही, सध्या उसाच्या ट्रॉल्या चालू आहेत.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो आणि पीपीएफ, म्हणजे ती रंग वाचवणारी फिल्म, लावायला घेतला. पारदर्शक टीपीयूची (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची) फिल्म, साधारण २०० मायक्रॉन. आपला क्लिअर ५०-६० मायक्रॉनचा, म्हणजे फिल्म त्याच्या तिपटीहून जाड. खडा लागला की ती दबते आणि मार खाते. बारीक ओरखडे गरम पाण्यानं भरून येतात. सिरॅमिक कोटिंगवाले जे दगडापासून बचाव वगैरे सांगतात त्यावर माझा विश्वास नाही. एक-दोन मायक्रॉनचा थर दगडाला काय अडवणार. त्यानं धुणं सोपं होतं, पाणी घसरतं, तेवढ्यासाठी ठीक.

म्हणून वाटणी अशी. पुढचा ओठ आणि दोन्ही कोपरे: पीपीएफ. मागच्या पट्टीला फिल्म नाही, तिथं खडे कमी, आणि सायलेन्सरची काजळी आणि धग जास्त. फिल्मची कड तिथं पिवळी पडून उचलली जाईल. तिला नुसतं सिरॅमिक.

दोन फवारणीच्या बाटल्या. एकीत आरओचं पाणी आणि लहान मुलांच्या शाम्पूचे चार थेंब, फिल्म सरकवायला. दुसरीत पाणी आणि दहावा हिस्सा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), जागेवर धरायला. सॉफ्टनरचं पाणी इथं चालत नाही, त्यात क्षार असतातच, फक्त जातीनं वेगळे, आणि ते फिल्मखाली डाग धरून बसतात.

ओठ लांब आणि दोन्हीकडं वळणारा. मधून सुरुवात केली, डाव्या टोकाला फिल्म जास्त ताणली. अर्ध्या तासानं तिथं कड परत आली, लहान मुलाचा मोजा घसरतो तशी. उचलली, पुन्हा भिजवली, या वेळी ताण पसरून घेतला, टोकाला छोटा काप दिला आणि पाच-सहा मिलिमीटर आत वळवून हेअर ड्रायरनं बसवली. काप रंगावर द्यायचा नाही, फिल्म बोटानं उचलून हवेत कापायची. एका जागी हे विसरलो. क्लिअरवर केसाएवढी रेघ आहे, खालच्या बाजूला, मला माहीत आहे म्हणून दिसते.

ओठाची अगदी खालची कड फिल्मनं वाचणार नाही. ती दगडासाठी आहे, काँक्रीटसाठी नाही. आणि आपल्याकडं स्पीड ब्रेकर कोण किती उंच करेल याला धरबंध नाही. म्हणून खालून काळी रबर बीडिंग दाबून बसवली. घासायचंच असेल तर ती घासू दे.

बायकोनं बीडिंग बघितली. "शेवटी काळा काठ लावलावच."

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली नीट धुलाई. दोन बादल्या, एकीत शाम्पू, एकीत मिट (धुवायचा हातमोजा) खंगाळायला. कोरडं करायला मायक्रोफायबर.

हो, मायक्रोफायबर. सोलापुरी टॉवेल का नाही, असं चार जणांनी विचारलं, त्यातले दोघे माझी गिऱ्हाइकं. टॉवेलच्या लूपचा दोष नाही, चांगल्या कापसाचा लूप मऊच असतो. दोष शिवणीचा, काठाला पॉलिएस्टरचा दोरा असतो आणि तो क्लिअरवर रेघा काढतो. शिवण कापून टाकली तर पाणी टिपायला आपला टॉवेल मायक्रोफायबरच्या तोडीचा आहे. तसे दोन करून ठेवलेत, चाकांसाठी. रंगावर लावायची हिंमत अजून होत नाही, आणि हे मी आमच्या गिऱ्हाइकांना सांगितलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल पुण्याला जाऊन आलो. येताना मोहोळच्या अलीकडं एका ट्रॉलीच्या मागून खडा आला, आवाजच सांगत होता कुठं लागला ते. घरी येऊन बघितलं: ओठाच्या उजव्या बाजूला फिल्मवर पांढरा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा. किटलीतलं गरम पाणी हळूहळू सोडलं. आजूबाजूचे ओरखडे गेले, ठिपका निम्म्यावर आला, मधला खड्डा राहिला. तिथं फिल्म फाटली नाही आणि खाली रंगाला काही नाही, टॉर्च तिरकी धरून तपासलं.

बीडिंग मात्र डावीकडं दीड वीत उचकटली आहे. कुठल्या ब्रेकरला, ते कळलं नाही, गल्लीतलाच असावा. दोन मीटर आणखी आणायची. आणि मोडलेल्या क्लिपांच्या जागी लावलेल्या नव्यांपैकी एक कुरकुरते, ती उद्या चाचांना दाखवायची.